कँटोनीजमध्ये विचारपूस: हाँगकाँगला नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी पायरी-पायरीने

हाँगकाँगला नोकरीसाठी किंवा नवऱ्याच्या, बायकोच्या बदलीमुळे येणारे आपले बरेच लोक पहिल्याच आठवड्यात विचारतात, की इथे इंग्रजी चालतं ना, मग कँटोनीज कशाला. चालतं, ऑफिसात चालतं, बँकेत चालतं, एमटीआरमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, तर घोषणाही इंग्रजीत होतात. पण बिल्डिंगचा वॉचमन, खालच्या मंडईतली भाजीवाली, लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या आजी, मुलांच्या स्कूलबसमधल्या बाई, या सगळ्यांशी इंग्रजीत फक्त व्यवहार होतो, ओळख होत नाही. २०२१ च्या जनगणनेत ५ वर्षांवरच्या सुमारे ८८ टक्के लोकांनी रोजच्या बोलण्याची भाषा कँटोनीज सांगितली आहे, म्हणजे तुम्ही ज्या मजल्यावर राहणार तिथल्या बहुतेक घरांत हीच भाषा बोलली जाते. या लेखात अख्खी भाषा नाही शिकवत मी, फक्त माणूस भेटल्यावर काय बोलायचं, चौकशी कशी करायची आणि समोरच्याने आपली केली तर उत्तर काय द्यायचं एवढंच सांगते, पण ते नीट सांगते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इंग्रजीतलं "हॅलो, हाऊ आर यू" समोर ठेवून त्याचं कँटोनीज शोधू नका, मराठीतून शिका. आपण जिन्यात भेटलेल्या काकूंना "आपण कशा आहात" म्हणतो का? "काय काकू, निघालात का बाजाराला?" म्हणतो आणि त्यातच सगळं येतं. कँटोनीज लोक अगदी असंच करतात. आणि उच्चारांच्या बाबतीतसुद्धा मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी सोपं जातं, ते कसं ते आता सांगते.

पायरी १: आवाज आपल्या अक्षरांतून पकडा

कँटोनीज रोमन अक्षरांत लिहायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे ज्यूटपिंग, हाँगकाँगच्या भाषाशास्त्र सोसायटीने ती १९९३ मध्ये तयार केली, ॲप आणि ऑनलाइन डिक्शनऱ्यांत बहुतेक तीच दिसते. फक्त त्यातली बी, डी, जी ही अक्षरं बघून ब, द, ग म्हणायचं नाही. तिथे आवाज असतात ते आपले प, त, क, श्वास न सोडता म्हटलेले. आणि पी, टी, के जिथे लिहिलंय तिथे ओठ मिटून म्हटलेला फ, थ आणि ख, म्हणजे श्वास सोडून. खाली टिंब देऊन फ़ लिहिलाय तिथे मात्र इंग्रजी एफचा आवाज. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक ऐकायला शिकायलाच महिने जातात, आपण मात्र पहिलीत अंकलिपी गिरवताना क वेगळा आणि ख वेगळा शिकलोय, त्यामुळे फुकटात मिळालेली ही गोष्ट वाया घालवू नका.

दुसरं, ज्यूटपिंगमधला झेड. तो झ पण नाही आणि ज पण नाही, तो आहे चाक, चोर, चमचा यातला आपला च. चहातला नाही, चाकातला. हिंदीवाल्या मित्रांना हा च मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. सी लिहिलंय तिथे त्याच चाकातल्या च वर श्वास सोडायचा, मी खाली त्यासाठी छ लिहिलाय. जे म्हणजे य. आणि आखूड अ आणि लांब आ यांचा फरक आपल्यासारखाच पाळला जातो, सन वेगळं आणि सान वेगळं.

नवीन शिकायचं ते थोडंच आहे. शब्दाच्या शेवटी प, त, क आला तर तो पूर्ण म्हणायचा नाही, तोंड त्या जागी नेऊन तिथेच थांबायचं, आवाज बाहेर सोडायचा नाही. ङ हा आवाज "रंग" मधल्या ग च्या आधी येतो तोच, ग पर्यंत जायचं नाही, त्याच्या आधी थांबा. आणि काही शब्दांत ओठ गोल करून ए किंवा ई म्हणायला लागतो, म्हणजे जीभ ई ची आणि ओठ ऊ चे, ते मी त्या त्या ठिकाणी सांगेन.

सरावासाठी घरी बसून कोर्स लावायची गरज नाही, एमटीआरच्या डब्यात दार बंद होताना घोषणा होते ती ऐका: "छिङ२ मत६ खाउ३ कन६ छे१ मुन४", दारापासून दूर राहा (आकड्यांचं पुढच्या पायरीत सांगते). त्यात खाउ आणि कन लागोपाठ येतात, एक ख आणि एक क, आणि छ दोनदा येतो. रोज ऑफिसला जाता-येता ही घोषणा मनातल्या मनात म्हणत राहिलात तर अर्धे उच्चार त्यातच बसतात.

पायरी २: आकडे म्हणजे सूर

शब्दांपुढे मी जे आकडे लिहिलेत ते सुरांचे आहेत, कँटोनीजमध्ये असे ६ सूर मोजतात. १ म्हणजे वरच्या पट्टीत सपाट. २ म्हणजे खालून वर चढणारा, आपण आश्चर्याने "काय?" विचारतो तसा. ३ मधल्या पट्टीत सपाट. ४ खाली उतरत जाणारा. ५ खालूनच थोडासा वर येणारा. ६ सपाटच पण ३ पेक्षा खाली. सगळ्या पुस्तकांत असतं ते उदाहरण म्हणजे सी: सी१ कविता, सी२ इतिहास, सी३ करून बघणे, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ काम किंवा गोष्ट.

आता हे वाचून घाबरू नका आणि तक्ता पाठ करत तर अजिबात बसू नका, माझं स्पष्ट मत आहे की सूर सुटे सुटे पाठ करणाऱ्याला ते बोलताना कधीच सापडत नाहीत. पूर्ण वाक्य चालीसकट पाठ करा, गाण्याचं ध्रुवपद करतो तसं. एखादा सूर चुकला तरी "जेवलात का" हे वाक्य समोरच्याला वेळ आणि प्रसंगावरून कळतंच. मात्र काही जोड्या आहेत तिथे सांभाळावं लागतं, जसं माय५ म्हणजे विकत घेणं आणि माय६ म्हणजे विकणं, मंडईत याचा घोळ लगेच होतो.

अजून एक, पुस्तकात "न" ने लिहिलेला शब्द लोकांच्या तोंडून "ल" ने येतो. "नेइ५ होउ२" ऐवजी सगळीकडे "लेइ५ होउ२" ऐकू येईल, तसंच शब्दाच्या सुरुवातीचा ङ बरेच जण खाऊन टाकतात. याला तिथले लोक "लान५ यम१" म्हणतात, आळशी उच्चार, आणि शाळेतले शिक्षक त्यावर नाराज असतात. तुम्ही ल म्हटलात तरी चालतं, न म्हटलात तरी चालतं, फक्त ऐकताना दोन्ही एकच शब्द आहे हे लक्षात ठेवा.

पायरी ३: आधी माणसाला हाक मारा

ही पायरी बहुतेक कोर्सवाले गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कँटोनीज घरात पाहुणा आला की आई मुलांना सांगते "किउ३ यन४", शब्दशः माणसाला हाक मार. मूल मग नमस्कार नाही, हॅलो नाही, फक्त "आ३ यी१" म्हणजे मावशी किंवा "सुक१ सुक१" म्हणजे काका असं म्हणतं, आणि झालं, अभिवादन पूर्ण झालं. हाक न मारता मूल तसंच आत गेलं तर ते उद्धटपणात जमा होतं.

दुसरं म्हणजे बोलण्यात तू आणि तुम्ही असा फरक नाही, "नेइ५" सगळ्यांना, लहान मुलाला पण तेच आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना पण तेच. मग आदर कुठे दाखवायचा तर हाक मारण्यात. म्हणून आपल्याला सवयीने जो आदर क्रियापदात घालावासा वाटतो तो इथे संबोधनात घाला.

कोणाला काय म्हणायचं ते सांगते. शेजारचे चॅन आडनावाचे गृहस्थ "छन४ साङ१", त्यांची बायको "छन४ थाय२", आडनाव आधी आणि मग साहेब किंवा बाई. आडनाव माहीत नसेल तर पुरुषाला "सिन१ साङ१", बाईला "सिउ२ चे२". म्हाताऱ्या आजींना "फॉ४ फॉ२", आजोबांना "पाक३ पाक३", दोन्हीत आपुलकी आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला, हातात कसब असलेला कोणीही "सी१ फ़ू२", म्हणजे उस्ताद. टॅक्सी आणि मिनीबसच्या ड्रायव्हरला "सी१ केइ१". पोलिसाला आणि पुरुष शिक्षकाला "आ-सर", यातला सर इंग्रजीच आहे आणि तो वर्षानुवर्षं तिथे रुळलेला आहे.

मंडईत आणि छा-छान-थेङ म्हणजे आपल्या इराण्याच्या हॉटेलासारख्या चहाच्या दुकानात तुम्हालाच "लेङ३ नोइ२", सुंदरी, किंवा "लेङ३ चइ२", देखणा, अशी हाक येईल. यात छेडछाड नाही, गिऱ्हाईकाला बोलवायची ती साधी पद्धत आहे, हसून पुढे जा. आणि "चे४ चे१", ताई, हा शब्द जपून वापरा, कारण हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनी आणि इंडोनेशियन बायकांना सर्रास तेच म्हणतात, त्यामुळे अनोळखी बाईला तो आवडेलच असं नाही.

पायरी ४: सकाळ सोपी आहे, तिथून सुरुवात करा

"चोउ२ सन४". गुड मॉर्निंग. पूर्ण भाषेतलं एकच वाक्य शिकायचं असेल तर हे शिका. वॉचमन, लिफ्टमधले लोक, टेकडीवर फिरायला जाणारे अनोळखी म्हातारे, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना चालतं, कोणाला म्हणावं याचा विचारच करावा लागत नाही, आणि उत्तरही तेच "चोउ२ सन४" येतं. घाईत नुसतं "चोउ२". हाक जोडली तर अजून छान: "छन४ थाय२, चोउ२ सन४!" दुपारच्या जेवणापर्यंत हे चालवा.

दुपारसाठी आणि संध्याकाळसाठी पुस्तकात "ङ५ ऑन१" वगैरे दिलेलं असतं, ते टीव्हीवरच्या निवेदकांसाठी ठेवा, रस्त्यावर कोणी म्हणत नाही. लोक "हा-लोउ" म्हणतात, किंवा नुसती मान हलवतात, किंवा पुढच्या पायरीतलं काहीतरी विचारतात. रात्री झोपायला जाताना मात्र "चोउ२ थउ२" म्हणतात, लवकर विश्रांती घ्या, घरात आणि मेसेजवर दोन्हीकडे.

आणि "नेइ५ होउ२" चं काय? ते चुकीचं नाही. पहिल्यांदा ओळख करून देताना, मीटिंगमध्ये, दुकानात शिरताना अगदी योग्य आहे. पण रोजच्या ओळखीच्या माणसाला रोज "नेइ५ होउ२" म्हणत राहिलात तर तो तुम्हाला परकाच समजत राहील. त्याचं लांबवलेलं "नेइ५ होउ२ मा३", कसे आहात, हे तर जवळजवळ पुस्तकातच सापडतं.

पायरी ५: दिसतंय तेच विचारा

इथे खरी गंमत आहे आणि इथे मराठी माणूस पाण्यातल्या माशासारखा पोहतो. समोरचा काय करतोय ते तुम्हाला दिसतंय, तेच प्रश्न करून विचारायचं, उत्तर माहीत असलं तरी.

सकाळी बॅग घेऊन निघालेल्या शेजाऱ्याला: "फ़ान१ कुङ१ आ४?" कामाला निघालात का. संध्याकाळी परत येताना: "फ़ॉङ३ कुङ१ आ४?" सुटलं का ऑफिस. पिशवी घेतलेल्या बाईंना: "माय५ सुङ३ आ४?" भाजी आणायला का, सुङ म्हणजे भातासोबत खायचं सगळं, भाजी, मासे, मटण काय असेल ते. उत्तर एकच, "हइ६ आ३", हो ना. इतकंच. कोणी थांबत नाही, चालता चालता होतं.

शेवटच्या आ कडे लक्ष द्या, सगळी कला तिथे आहे. "आ३" मधल्या पट्टीत म्हटला की साधा प्रश्न, खरंच माहिती हवी आहे. "आ४" खाली उतरवला की "असं दिसतंय खरं, बरोबर ना?" अशी आपुलकीची खात्री. वरची तिन्ही वाक्यं आ४ ने म्हणा. हा आ पूर्णच गाळला तर वाक्य चौकशी न वाटता पोलिसी तपासणी वाटतं, म्हणून बाकी काही विसरलं तरी आ विसरू नका.

"होइ३ पिन१ आ३?", कुठे चाललात, हे पण फार ऐकू येतं, होइ म्हणताना ओठ गोल ठेवायचे. नवीन लोकांना वाटतं हा माझ्यावर नजर ठेवतोय का. नाही. आपल्याकडे "कुठे?" म्हटल्यावर "इथेच जरा" म्हणून पुढे जातो की नाही, तसंच मोघम उत्तर द्यायचं, "छोत१ काय१", बाहेर जातोय, बस. पत्ता आणि वेळ कोणी मागितलेली नाही.

पायरी ६: जेवलात का

"सिक६ चॉ२ फ़ान६ मेइ६ आ३?" हे वाक्य चालीसकट पाठ करा. सिक खाणे, चॉ म्हणजे झालं, फ़ान भात, आणि मेइ म्हणजे "अजून नाही", म्हणून शब्दशः भात खाऊन झाला की नाही अजून. जेवणासाठी भात हाच शब्द वापरतात, नूडल्स खाल्ले असतील तरी प्रश्न भाताचाच.

उत्तर देताना हो किंवा नाही शोधत बसू नका, क्रियापदच परत म्हणा. जेवला असाल तर "सिक६ चॉ२ ला३", नसाल तर "मेइ६ आ३". आणि लगेच परत विचारा "नेइ५ ने१?", तुम्ही? एवढं परत विचारणं महत्त्वाचं आहे, नाहीतर चौकशी एकतर्फी राहते.

हे आमंत्रण आहे का? बहुतेक वेळा नाही. जिन्यातल्या आजींनी विचारलं तर ती काळजी आहे, "मेइ६ आ३" म्हटल्यावर त्या "मग लवकर जेवून घे" म्हणतील. पण साडेबारा-एकला ऑफिसातल्या सहकाऱ्याने टेबलापाशी येऊन विचारलं तर ते बहुधा खरंच सोबत चला म्हणून असतं, तेव्हा "मेइ६ आ३" म्हणा आणि उठा. वेळेवरून ओळखायचं. आणि दुपारी चारला किंवा रात्री अकराला कोणाला हे विचारू नका, जेवणाच्या आसपासच शोभतं.

क्वांगचौ शहरातल्या, म्हणजे जुन्या कँटनमधल्या, जुन्या लोकांत याच्या जोडीला सकाळी "यम२ चॉ२ छा४ मेइ६ आ३?", चहा झाला का, असं विचारायची पद्धत आहे. चहा म्हणजे नुसता कप नाही, चहाच्या हॉटेलात बसून वाफवलेल्या छोट्या पदार्थांसकट केलेली निवांत न्याहारी. तिथे कोणी तुमच्या कपात चहा ओतला तर बोलणं न थांबवता टेबलावर दोन बोटं हलकेच वाजवायची, तेच धन्यवाद.

पायरी ७: खरोखर खुशाली विचारायची असेल तेव्हा

बऱ्याच दिवसांनी कोणी भेटलं तर "होउ२ नॉय६ मोउ५ किन३!", किती दिवसांनी दिसताय. मग "कन६ फाय४ तिम२ आ३?", हल्ली कसं चाललंय. तिम म्हणजे कसं, ज्यूटपिंगमध्ये डी ने लिहिलेलं असतं पण म्हणायचं तिम. जवळच्या मित्राला नुसतं "तिम२ आ३?" पुरतं. काम कसं आहे, धावपळ आहे का, यासाठी "मॉङ४ म्४ मॉङ४ आ३?", बिझी की नाही बिझी. हा प्रश्नाचा साचा लक्षात ठेवा, शब्द, मग म्, मग परत तोच शब्द. म् स्वतंत्र म्हणायचा, ओठ मिटून, स्वर न लावता.

उत्तरं: "केइ२ होउ२", बरं चाललंय. "मा४ मा२ तेइ२", यथातथाच, आणि हे म्हणायला लाजू नका, प्रामाणिक उत्तर म्हणून चालतं. पण ज्या उत्तराने समोरचा माणूस खरंच तुमच्याकडे नव्याने बघतो ते म्हणजे "केइ२ होउ२" नंतर जोडलेलं "यउ५ सम१". तुमच्या मनात माझी आठवण आहे, आपुलकीने विचारलंत, अशा अर्थाचं ते आहे. तुमच्या आईच्या ऑपरेशनबद्दल वॉचमनने विचारलं, मुलाच्या परीक्षेबद्दल शेजारणीने विचारलं, की आधी "यउ५ सम१" म्हणा आणि मग सांगा. नवशिक्यांच्या पुस्तकांत हे फार उशिरा येतं किंवा येतच नाही, मला विचाराल तर ते दुसऱ्याच दिवशी शिकवायला हवं.

इथे धन्यवादाचं पण सांगून टाकते कारण त्याच्याशी गल्लत होते. कोणी काम केलं, दार धरलं, रस्ता दिला, बिल आणलं, की "म्४ कॉय१". कोणी वस्तू दिली, कौतुक केलं, की "तॉ१ चे६". आणि कोणी काळजीने विचारलं की "यउ५ सम१". तीन वेगळ्या जागा आहेत. सफाईवाले, वॉचमन, डिलिव्हरीवाले यांना "सन१ फ़ू२ साय३", फार कष्ट घेतलेत, हे पण म्हणत जा, फार कमी परदेशी लोक म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

एक सूचना. बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर "सउ३ चॉ२", बारीक झालात, किंवा "फ़ेइ४ चॉ२", जाड झालात, असं तोंडावर ऐकायला मिळेल. काळजीपोटीच असतं, मनाला लावून घेऊ नका, पण तुम्ही स्वतः उलट म्हणायला जाऊ नका.

पायरी ८: कोणी आजारी असेल तर

समोरचा ठीक दिसत नसेल, धडपडला असेल: "यउ५ मोउ५ सी६ आ३?", काही झालं नाही ना. उत्तर "मोउ५ सी६", काही नाही. बरं वाटत नाही हे स्वतःबद्दल सांगायचं असेल तर "म्४ स्यू१ फ़ुक६", स्यू म्हणताना ओठ गोल आणि जीभ ई ची. हे वाक्य डॉक्टरकडे, शाळेत, ऑफिसात सगळीकडे लागतं, म्हणून आधीच पाठ ठेवा.

आजारपणातून उठलेल्याला: "होउ२ ती१ मेइ६ आ३?", थोडं बरं वाटतंय का आता. वयस्कर माणसाची चौकशी करताना "सन१ थइ२ तिम२ आ३?", तब्येत कशी आहे. आणि मग सल्ला देणं आलंच, कँटोनीज माणूस सल्ल्याशिवाय चौकशी पूर्ण करत नाही: "थउ२ तॉ१ ती१", जास्त विश्रांती घ्या, "यम२ तॉ१ ती१ सोइ२", भरपूर पाणी प्या, इथे सोइ पण गोल ओठांनी.

सर्दी-घसा झाला म्हटल्यावर तुम्हाला "यित६ हेइ३" हा शब्द नक्की ऐकू येईल. तळलेलं, भाजलेलं, मसालेदार खाऊन अंगात उष्णता वाढली असा त्याचा अर्थ, आणि त्यावर उपाय म्हणून काढ्याची दुकानं जागोजागी आहेत. या काढ्याला लेङ आणि लॉङ यांच्या मधला, ओठ गोल केलेला आवाज काढून "लॉङ४ छा४" म्हणतात, २००६ मध्ये चीनने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घेतलं. उष्ण आणि थंड पदार्थांची ही भाषा आपल्या घरात आजी बोलते तीच आहे, त्यामुळे या विषयावर शेजारच्या फॉ-फॉंशी तुमच्या गप्पा इतर कोणाही परदेशी माणसापेक्षा जास्त रंगतील.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलात तर निघताना "चॉय३ किन३", पुन्हा भेटू, हे बरेच जण टाळतात, पुन्हा तिथेच भेट व्हावी असं कोणाला वाटेल. त्याऐवजी "पोउ२ चुङ६", जपा स्वतःला. वादळाचा ८ नंबरचा सिग्नल लागला की ऑफिसं, शाळा बंद होतात, त्या दिवशी ओळखीच्यांना "सिउ२ सम१ ती१", सांभाळून, एवढा व्हॉइस मेसेज पाठवा.

पायरी ९: नववर्ष

चांद्र नववर्षाच्या पंधरा दिवसांत नेहमीचं सगळं बाजूला राहतं आणि "कुङ१ हेइ२ फ़ात३ छॉय४", भरभराट होवो, हेच पहिलं येतं. दोन्ही हात एकावर एक मुठीसारखे धरून हलवायचे. म्हाताऱ्या माणसांना "सन१ थइ२ किन६ हॉङ१", निरोगी राहा. लाल पाकीट म्हणजे "लइ६ सी६" लग्न झालेल्यांनी लग्न न झालेल्यांना आणि बिल्डिंगच्या वॉचमन, सफाईवाल्यांना द्यायचं, दोन्ही हातांनी. मिळालं तर "तॉ१ चे६", आणि देणाऱ्यासमोर उघडायचं नाही.

पायरी १०: ते इंग्रजीत उत्तर देतील तेव्हा

हे होणारच. तुम्ही "चोउ२ सन४" म्हणाल आणि समोरचा "गुड मॉर्निंग" म्हणेल. तो तुम्हाला तोडत नाहीये, सोपं करून देतोय. तुम्ही पुढचं वाक्य परत कँटोनीजमध्ये म्हणा, हसून, हळू. भारतीय चेहऱ्याच्या माणसाने कँटोनीज बोलणं हे हाँगकाँगला काही नवीन नाही, पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली आणि अस्खलित बोलणारी भारतीय कुटुंबं आहेत. चिम-सा-चोइ मधला मोडी रोड हा मुंबईहून तिथे गेलेल्या पारशी व्यापारी होर्मसजी मोडींच्या नावाचा आहे, हाँगकाँग युनिव्हर्सिटीच्या इमारतीला मोठी देणगी देणारे तेच. त्यामुळे आपण इथे काहीतरी विचित्र करतोय असं मनातून काढून टाका.

क्लास लावायचा असेल तर अल्पसंख्याक समाजांसाठी सरकारी निधीवर चालणारी सपोर्ट सेंटर आहेत, तिथे कँटोनीजचे वर्ग असतात. शब्द शोधायला फोनवर प्लेको हे डिक्शनरीचं ॲप ठेवा, त्यात ज्यूटपिंग आणि उच्चार मिळतात. पण वॉचमन हा सगळ्यात चांगला शिक्षक, रोज भेटतो, वेळ असतो, आणि एकाच वाक्याचा उच्चार रोज दुरुस्त करून देतो.

शेवटची पायरी: निघणं

ऑफिसातून किंवा जेवणाच्या टेबलावरून इतरांच्या आधी उठायचं असेल तर गुपचूप जाऊ नका, "ङॉ५ चउ२ सिन१ ला३", मी पुढे होते, हे म्हणायलाच हवं. घरी आलेला पाहुणा निघाला की दारापर्यंत जाऊन "मान६ मान२ हाङ४", सावकाश जा. रोजच्या लोकांना "पाय१ पाय३" किंवा "थिङ१ यत६ किन३", उद्या भेटू.

आणि रस्त्यात भेटलेला जुना ओळखीचा माणूस निघताना "तक१ हान४ यम२ छा४!" म्हणेल, वेळ मिळाला की चहाला भेटू. लगेच फोन काढून कॅलेंडर उघडू नका, तो निरोप आहे, "होउ२ आ३!" म्हणायचं आणि हात हलवायचा. मात्र त्याने वार सांगितला, हॉटेलचं नाव सांगितलं, तर ते खरं आमंत्रण, तेव्हा वेळेवर पोचा आणि बिल द्यायला हात पुढे करा, कारण बिलावरून थोडी ओढाताण झाल्याशिवाय तिथे कोणी टेबल सोडत नाही.